लॅपटॉप की डेस्कटॉप? सांगलीत पहिला कॉम्प्युटर घेताना

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत एक प्रश्न हमखास येतो. "दादा, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय. कुठला घेऊ?" लॅपटॉपच का, हे कुणी विचारत नाही. ते घरात आधीच ठरलेलं असतं. दुकानासाठी, क्लाससाठी घ्यायचं असलं तरी तेच. मी ओळखीच्यांबरोबर दुकानात जातो, बिल तपासून देतो, घरी येऊन जोडणीही करून देतो. इतक्या घरांत हे केल्यावर माझं मत पक्कं झालंय. यंत्र एका जागी बसणार की रोज हलणार, एवढं प्रामाणिकपणे ठरवलं की निम्मी निवड झाली. कंपनी, मॉडेल, दिवाळीची ऑफर हे सगळं त्यानंतरचं.

हे मला मामांच्या पेढीनं शिकवलं. मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे. बिलं आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी काय घेऊ, असं त्यांनी विचारलं तेव्हा मीच लॅपटॉप सुचवला. जागा कमी लागते, लाइट गेली तरी चालतो, रात्री घरी नेता येतो, अशी माझी कारणं. मामांनी तो एकदाही घरी नेला नाही. हळदीची पिवळी भुकटी मात्र दीड वर्षात लॅपटॉपच्या आतल्या पंख्याच्या पात्यांवर घट्ट बसली. लॅपटॉप तापून आपोआप बंद पडायला लागला आणि ऐन हंगामात, मार्चमध्ये, आठ दिवस दुरुस्तीला गेला. त्या आठ दिवसांत मामा आणि दिवाणजी रात्री दहापर्यंत बसून हातानं हिशेबाच्या पट्ट्या लिहीत होते. नंतर तिथं डेस्कटॉप बसवला. कॅबिनेटचे, म्हणजे डेस्कटॉपच्या खोक्याचे, दोन स्क्रू काढून महिन्यातून एकदा ब्लोअर मारायचा, एवढीच त्याची निगा. आता ते काम दुकानातला पोरगाच करतो.

पायरी १: आठ दिवस वहीत लिहा

दुकानात जाण्याआधी एक आठवडा जाऊ द्या. रोज रात्री वहीत तीन गोष्टी टिपा. आज कॉम्प्युटरची गरज कशासाठी पडली, तेव्हा आपण कुठं होतो, आणि ते काम मोबाइलवर झालं असतं का. घरात चौघं वापरणार असतील तर चौघांनीही लिहायचं.

आठवड्याच्या शेवटी घराबाहेरच्या नोंदी मोजा. आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी बाहेर बसून काम करावं लागणार असेल तर लॅपटॉप घ्या, फार विचार करू नका. तासगावहून एसटीनं रोज विश्रामबागला कॉलेजात येणारी मुलगी, हॉस्टेलवर राहणारा मुलगा, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कागद भरणारा विमा एजंट, साइटवर फिरणारा सिव्हिल इंजिनियर, या सगळ्यांना डेस्कटॉप घेऊन दिलात तर तो घरी पडून राहील.

बाहेरची एकही नोंद नसेल तर डेस्कटॉप. "कधीतरी लागेल की" हे वाक्य इथं फार घरांना महागात पडतं. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या कामासाठी पेन ड्राइव्ह पुरतो, नाहीतर फाइल मोबाइलवर घेऊन जाता येते.

शाळकरी मुलांसाठी घेणार असाल तर माझा कल उघडपणे डेस्कटॉपकडे आहे. तो सोप्यात, येता-जाता दिसेल असा ठेवता येतो. लॅपटॉप पांघरुणात जातो. शिवाय वाढत्या वयाच्या मुलाची मान रोज दोन तास खाली वाकलेली राहणं मला पटत नाही. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले, त्यामुळे हात नीट ठेवले तर मान वाकते आणि मान सरळ ठेवली तर हात वर येतात. मोठ्यांनाही हे लागू आहे. रोज चार तासांच्या वर टंकणाऱ्याकडे लॅपटॉप असेल तर त्याला उंच स्टँड आणि वेगळा कीबोर्ड-माउस घ्यावाच लागतो.

राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्यांनीही डेस्कटॉपच्या पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर सराव करावा. मराठीचा मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग गाठायचा तर बोटांना एकाच मापाच्या कळांची सवय लागते. लॅपटॉपच्या कळा उथळ, आणि बाणांच्या कळांची जागा प्रत्येक मॉडेलला निराळी. हिशेबाचं काम असेल तर उजवीकडचा आकड्यांचा पॅडही लागतो. चौदा इंची लॅपटॉपवर तो बहुधा नसतोच.

पायरी २: घराची वीज बघा

आपल्याकडे लॅपटॉपच्या बाजूनं सांगितलं जाणारं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लाइट. ते खोटं नाही. लॅपटॉपच्या पोटातच बॅटरी असते, लाइट गेल्याचं त्याला कळतही नाही. डेस्कटॉप त्याच क्षणी बंद पडतो आणि न साठवलेलं काम गेलं. पण यावर उपाय स्वस्त आहे. साधा ६०० व्हीए यूपीएस (लाइट गेली की बॅटरीवर वीज देणारा डबा) कॅबिनेट आणि मॉनिटरला दहा-पंधरा मिनिटं सांभाळतो. काम साठवून नीट बंद करायला तेवढा वेळ भरपूर झाला. त्या यूपीएसवर लेझर प्रिंटर मात्र कधीच लावू नका. पान तापवताना तो एकदम मोठा करंट ओढतो आणि यूपीएस मान टाकतो.

तुमच्या भागात लाइट तासन्‌तास जात असेल तर गोष्ट वेगळी. शेतवस्तीवर, जतकडच्या आडगावात, जिथं दुपारभर वीज नसते, तिथं यूपीएसनं भागत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइनवेव्ह (मुख्य लाइनसारखी स्वच्छ वीज देणारा) आहे का बघा आणि त्याच्या पाठीमागं यूपीएस मोडचं बटण आहे का तेही बघा. ते बटण चालू नसेल तर वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात डेस्कटॉप रिस्टार्ट होतो. इन्व्हर्टर नसेल आणि घ्यायचाही नसेल, तर अशा घराला मी लॅपटॉपच सांगतो, मग तो एका जागी बसणार असला तरी.

विजेचा दुसरा भाग लोक विसरतात, तो म्हणजे अर्थिंग. गावभागातल्या, खणभागातल्या जुन्या वाड्यांत अजून दोन पिनांचे सॉकेट आहेत. तिथं डेस्कटॉप लावला की कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात. लोक हसून सोडून देतात. सोडू नका. आधी वायरमन बोलवा, अर्थिंग करून घ्या, तीन पिनांचा सॉकेट बसवा आणि त्याचा खर्च कॉम्प्युटरच्या बजेटमध्येच धरा. अर्थिंग नसलेल्या घरात लॅपटॉपही चार्जिंगला असताना कधीकधी चुटपुटता करंट देतो, पण मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) जळण्याचं दुखणं डेस्कटॉपच्याच वाट्याला जास्त येतं.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजांसह येतो. त्या वेळी यंत्र कुठलंही असो, प्लग काढा आणि इंटरनेटची केबलही काढा. तांब्याच्या केबलमधून आलेल्या झटक्यानं मदरबोर्ड गेलेले मी पाहिलेत.

वीजबिलाचा हिशेब साधा आहे. ऑफिसकामाचा डेस्कटॉप मॉनिटरसकट साधारण १०० वॅट धरा, लॅपटॉप ३० वॅट. रोज सहा तास वापरलं तर महिन्याला डेस्कटॉपचे १८ युनिट, लॅपटॉपचे साडेपाचच्या आसपास. बारा-तेरा युनिटांचा फरक. त्यावरून निवड करण्याइतका तो मोठा नाही.

नदीकाठच्या वाचकांसाठी एक गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हरभट रोडसारख्या भर बाजारपेठेत पाणी होतं. तेव्हा टेबलाखाली जमिनीवर ठेवलेली कॅबिनेटं आधी बुडाली. लॅपटॉप पिशवीत घालून निघता येतं, हा त्याचा खरा फायदा. डेस्कटॉप घेतलात तर कॅबिनेट टेबलावरच ठेवा आणि त्याच्या वायरी कुठं जातात याचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे घाईत वायरी काढून नेलं तरी पुन्हा जोडता येईल. पूररेषेतल्या घरानं एक एक्स्टर्नल डिस्क (बाहेरून जोडायची) उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी. दर महिन्याला ती आणायची, दुकानाचे हिशेब आणि घरातले फोटो भरायचे, परत द्यायची.

पायरी ३: कामावरून आतलं सामान ठरवा

इथं थोडं तांत्रिक आहे, पण दुकानदाराच्या तोंडी हेच शब्द येतात, म्हणून समजून घेतलेलं बरं.

प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू. दुकानात सांगतात, "आय-फाइव्ह आहे, डोळे झाकून घ्या." आय-फाइव्ह हे नुसतं आडनाव झालं. कितव्या पिढीचा, हे विचारा. इंटेल ही तो बनवणारी कंपनी; तिच्या जुन्या पद्धतीच्या नावात आडनावानंतरच्या आकड्याची सुरुवात पिढी सांगते. आय-फाइव्ह ४५९० हा चौथ्या पिढीचा, ८५०० हा आठव्या पिढीचा, १२४०० हा बाराव्या पिढीचा. हे आज फार महत्त्वाचं झालंय, कारण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण आधार (सुरक्षेचे अपडेट) देणं थांबवलं आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्याच प्रोसेसरवर अधिकृतपणे चालतं. जुन्या बाजारात चौथ्या-सहाव्या पिढीचे डेस्कटॉप मातीमोलानं मिळतात ते यामुळेच. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) वापरायची तयारी असेल तर ते घ्या, नाहीतर हात लावू नका.

लॅपटॉप आणि डेस्कटॉपच्या प्रोसेसरचं नाव सारखं असलं तरी ताकद सारखी नसते. पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर साधारण १५ वॅटवर चालेल असा बनवलेला असतो, डेस्कटॉपमधला नेहमीचा ६५ वॅटवर. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा छोट्या लॅपटॉपला उष्णता बाहेर टाकणं जड जातं आणि तो स्वतःहून वेग कमी करतो. व्हिडिओ एडिटिंग, सिव्हिल-मेकॅनिकलची मोठी ड्रॉइंगं, लग्नाच्या अल्बमचं डिझाइन अशी तासन्‌तास चालणारी कामं असतील तर त्याच पैशांत डेस्कटॉप दणकट मिळतो.

रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर १६. डिस्क, म्हणजे फाइली साठवायची जागा, एसएसडीच (फिरत्या तबकडीशिवायची, वेगवान) हवी, ५१२ जीबी घरासाठी पुरते. नुसत्या जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर विंडोज टाकून देणाऱ्या दुकानातून उठून या. (घरात आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा एखादा रडतखडत चालणारा डेस्कटॉप असेल, तर आधी त्यात एसएसडी टाकून बघा. कितीतरी जणांची नवी खरेदी तिथंच टळली आहे.)

इंजिनियरिंगला प्रवेश मिळाल्या मिळाल्या लॅपटॉप घेण्याची घाई करू नका. कॉलेजात लॅब असते. पहिले काही आठवडे जाऊ द्या, आपल्या शाखेला कुठलं सॉफ्टवेअर लागतं ते सीनियरला विचारा. सॉलिडवर्क्स, रेव्हिट ही विंडोजचीच मंडळी आहेत. अॅपलचं, विंडोज नसलेलं मॅकबुक हौसेनं घेऊन नंतर अडलेल्या मुलांना मी मदत करू शकलो नाही, याचं वाईट वाटतं. टॅलीलाही विंडोजच लागतं.

पायरी ४: दोन्हींची पूर्ण किंमत मांडा

लॅपटॉपच्या खोक्यात पडदा, कीबोर्ड, कॅमेरा, स्पीकर, वायफाय, बॅटरी आणि बहुधा अधिकृत विंडोज असं सगळं येतं. डेस्कटॉपचा भाव सांगताना दुकानदार बऱ्याचदा कॅबिनेटचाच सांगतो. म्हणून कागदावर दोन रकाने करा. डेस्कटॉपच्या रकान्यात मॉनिटर, कीबोर्ड-माउस, यूपीएस, वेबकॅम, स्पीकर, मदरबोर्डवर वायफाय नसेल तर त्याचा अडॅप्टर, विंडोजचं लायसन आणि अर्थिंगचा खर्च लिहा. लॅपटॉपच्या रकान्यात बॅग, स्टँड, वेगळा कीबोर्ड-माउस लिहा आणि दोन-तीन वर्षांनी लागणारी नवी बॅटरीही लिहा. बेरजा झाल्यावर फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो, पण तेवढ्याच पैशांत डेस्कटॉपला मोठा पडदा आणि जास्त ताकद मिळते.

"विंडोज आम्ही टाकून देतो, वेगळे पैसे नाहीत" असं कुणी म्हटलं तर ते बहुधा चोरीचं विंडोज आहे. त्यावर पेढीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार करू नका.

मग दुरुस्ती. डेस्कटॉपचा एक भाग बिघडला तर तो भाग बदलतो, आणि सांगली-मिरजेत तो बहुधा त्याच दिवशी मिळतो. आज ८ जीबी रॅम टाका, पुढच्या वर्षी आणखी ८ घाला. लॅपटॉपमध्ये पडदा फुटला, बिजागरी तुटली, मदरबोर्ड गेला की खर्च जिव्हारी लागतो. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, ती वाढत नाही. घेतानाच विचारा, "रॅमचा स्लॉट रिकामा आहे का?" वॉरंटीबद्दल विचारताना "किती वर्षं" इथं थांबू नका. माणूस घरी येणार, की यंत्र आपण न्यायचं, आणि न्यायचं तर कुठं, हे विचारा. कोल्हापूर किंवा पुण्याला पाठवावं लागणार असेल तर तेवढे दिवस आपलं काम कशावर चालणार?

मधले मार्गही आहेत. मिनी पीसी हा डब्याएवढा डेस्कटॉप मॉनिटरच्या पाठीमागं अडकवता येतो, वीज कमी घेतो, काउंटरवर जागा अडवत नाही. धूळ नसलेल्या छोट्या दुकानाला आणि दवाखान्याला तो मी आवर्जून सुचवतो. दुसरा मार्ग म्हणजे लॅपटॉप घेऊन घरी त्याला २२ किंवा २४ इंची मॉनिटर जोडणं. कॉलेजची मुलं सुट्टीत घरी आली की हे फार छान चालतं, आणि तो मॉनिटर एरवी धाकट्या भावंडांच्या डेस्कटॉपला येतो. पडद्यातच सगळा कॉम्प्युटर असलेल्या ऑल-इन-वनला मात्र माझा पाठिंबा नाही. तो जागचा हलत नाही आणि डेस्कटॉपसारखा सुटाही होत नाही. पडदा गेला की सगळंच गेलं.

पायरी ५: दुकानात

एकाच दिवशी तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, कारण रॅम आणि एसएसडीचे भाव वर-खाली होत राहतात. कोटेशनमध्ये प्रत्येक भागाचं नाव आणि मॉडेल हवं. "१६ जीबी रॅम" एवढं पुरेसं नाही, कुठल्या कंपनीची तेही लिहून घ्या. असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या, डेस्कटॉपमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. मदरबोर्ड-प्रोसेसरला बहुधा तीन वर्षं, एसएसडीला तीन ते पाच. म्हणून पक्क्या बिलावर सगळे सीरियल नंबर घालून घ्या. व्यापाऱ्यांनी बिलावर आपला जीएसटी नंबर घालायला सांगावं. कॉम्प्युटरवर १८ टक्के कर आहे, धंद्यासाठीच्या खरेदीत त्याचं क्रेडिट मिळतं.

लॅपटॉप असेल तर खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा. मग मांडीवर नको, टेबलावर ठेवून एक पानभर टंकून बघा. पडदा बाजूनं पाहा. रंग फिके किंवा उलटे दिसत असतील तर आयपीएस पडदा असलेलं मॉडेल मागा. खिडकीजवळ नेऊन उजेडात अक्षरं दिसतात का तेही बघा. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून रॅम आणि डिस्क बिलाप्रमाणेच आहे ना, याची खात्री करा.

वापरलेला लॅपटॉप घेत असाल तर बॅटरी रिपोर्ट काढून मागा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज भरणारी क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे सौद्यातून कमी करून घ्या.

पायरी ६: घरी आणल्यावर

डेस्कटॉपची जागा भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा, हवा खेळायला पाहिजे. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, अंतर हातभर. खिडकी पाठीशी नको, बाजूला असू द्या. देवघराजवळ ठेवू नका. उदबत्तीची राख आणि तेलकट काजळी पंख्यात बसते, ती हळदीपेक्षा चिवट.

लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, खालची हवेची जाळी बंद होते. चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवल्यानं बॅटरी लवकर उतरते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा. टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगली आहे. तसा लॅपटॉप त्या क्षणी बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा चालू न करता दुरुस्तीला न्या.

पहिल्या आठवड्यात यंत्र भरपूर वापरा, दिवसभर चालू ठेवा. काही दोष असेल तर तो लवकर वर यावा, म्हणजे दुकानदाराकडे बदलून मागता येतो. खोकं आणि थर्माकोल महिनाभर माळ्यावर ठेवा. बिलाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाका. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं आणि वॉरंटी मागायची वेळ नेमकी त्यानंतर येते.